राखणदारबायनी उघडं ठेवलेलं दार

कार्यालयाने दिलेलं जे यंत्र तुमच्या घरात, जेवणाच्या टेबलावर नाहीतर पलंगाच्या कडेला, उघडं पडलेलं असतं, ते कोणाकोणाकडे बघतं, हे तुम्ही कधी विचारलंय का? आमच्या कार्यालयात हे विचारणारं एकच माणूस होतं. कोणाचाही लॅपटॉप उघडण्याआधी त्या बाई त्याच्या झाकणावर बोटांनी टकटक करायच्या, शेजारणीच्या दारावर करावी तशी, आणि ज्याचा असेल त्याला विचारायच्या, "येऊ मगे आत?" आम्ही हसायचो. पण 'या' म्हटल्याशिवाय त्या खरंच झाकण उघडत नसत. आणि तुम्ही पासवर्ड घालायला लागलात की भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभ्या राहत.

आम्ही त्यांना राखणदारबाय म्हणायचो. आमच्या बाजूला प्रत्येक गावाला राखणदार असतो. तो कोणाला दिसत नाही, गावाच्या शिवेवर फिरतो, आणि वर्षातून एकदा त्याला रोट, म्हणजे जाड भाकरीचा नैवेद्य, दिला की गाव सुखाने झोपतो. आमच्या राखणदार मात्र चांगल्या दिसायच्या. ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, कपाळाला लाल टिकली, कंबरेला चाव्यांचा जुडगा. खाणींना यंत्रांचे सुटे भाग पुरवणाऱ्या आमच्या कंपनीचं कार्यालय गोव्यात, साखळी गावात होतं. महामारीनंतर आम्ही आठवड्यातले काही दिवस तिथे आणि काही दिवस घरी काम करायचो. मी पेडण्याची. म्हापशाला बस बदलून यायचे. कोणी डिचोलीचं, कोणी शिरगावचं, कोणी पार सावंतवाडीकडचं. जितकी माणसं तितकी घरं, आणि तितकीच यंत्रं. ती सगळी राखायची, दुरुस्त ठेवायची, त्यात चोर शिरू द्यायचा नाही, हे त्यांचं काम. पासवर्ड विसरणाऱ्याने त्यांना कॅन्टीनमधली पातळभाजी आणि एक उंडो, म्हणजे गोल कडक पाव, द्यायचा, असा आमचा कायदा होता. तो त्यांचा रोट.

आमच्या खरेदी विभागातला गुरुदास शिरगावचा. लईराई देवीच्या जत्रेत तो धोंड, म्हणजे व्रत धरून निखाऱ्यांवरून चालणारा भक्त, असतो. जत्रेआधीच्या व्रताच्या दिवसांत घर सोडून बाकीच्या धोंडांबरोबर राहायचं, तर काम अडू नये म्हणून त्याने शेजारच्या टेबलावरच्याला आपला पासवर्ड सांगून ठेवला. राखणदारबायना हे कळलं. त्यांनी भर कॅन्टीनमध्ये त्याला विचारलं, "तुझो उपास शेजारी करतलो काय रे?"

"नाय गो बाय."

"मगे तुझी सही तो कसो करतलो?"

गुरुदासने त्या दिवशी दोन उंडे दिले.

त्यांच्या या हट्टाचं मूळ त्यांच्या लहानपणात होतं. गोवा राज्य होण्याच्या आधीची धामधूम, राजभाषा कोकणी की मराठी, याचं आंदोलन ऐन भरात. त्यांचे वडील डिचोलीजवळच्या घरात सायक्लोस्टाइल यंत्रावर मराठीच्या बाजूची पत्रकं काढायचे, आणि शाळकरी राखणदारबाय ओल्या शाईचे कागद दोरीवर वाळत घालायच्या. एकदा पोलीस घर तपासायला आले. आईने यंत्र उचलून देवघरात ठेवलं, वर धुतलेलं वस्त्र टाकलं, हळदकुंकू वाहिलं, समई लावली. फौजदाराने चपला बाहेर काढल्या, देवघराच्या उंबऱ्यावर उभं राहून हात जोडले आणि तो गेला. "त्येका कळलेला," त्या मला सांगायच्या. "वस्त्राखाली काय आसा ता त्येका बरोबर कळलेला गो. पण देवापुढच्याक कोण हात लावणा नाय." माझंही सगळं बालपण पेडण्याला, माझ्या आजोबांच्या अशाच पत्रकांच्या गठ्ठ्यांत गेलं. पत्रक कसं लिहायचं हे मी तिथे शिकले. पत्रक काढणाऱ्याच्या घराला दारं किती महत्त्वाची असतात, हे राखणदारबायनी शिकवलं.

घरी गेलेली यंत्रं परत आणून दाखवायचा माणसांना कंटाळा येतो. मेल पाठवा, फोन करा, कोणी आणत नाही. राखणदारबायनी त्यावर एक वाट काढली होती: दसरा. त्या दिवशी कामाची हत्यारं पुजायची असतात. शेतकरी कोयता पुजतो, ट्रकवाला ट्रक पुजतो, मग आमचे लॅपटॉप आणि फोन का नकोत? आदल्या दिवशी सगळ्यांनी आपापली मशिनं घेऊन यायचं. त्या एकेकाला बोलावून, टकटक करून, आत काय जुनं झालंय, काय नवं घालायला हवं ते करायच्या. मग मशिनं त्यांच्या खोलीत लाल कापडावर देवीच्या तसबिरीपुढे मांडायची. दसऱ्याच्या सकाळी पूजा, झेंडूच्या माळा, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत एकाही मशिनाला हात लावायचा नाही. हत्यारांना विश्रांती. ज्या कामासाठी मोठ्या शहरांतल्या कंपन्या धमक्यांची परिपत्रकं काढतात, ते आमच्याकडे झेंडूवर व्हायचं.

त्या वर्षी मी मशीन ठेवायला गेले तेव्हा साहेब खोलीत आले. साहेब म्हणजे आमचे व्यवस्थापक. माझ्यासमोरच बोलले, मी तिथे असण्याने त्यांना काही फरक पडत नव्हता.

"बाय, सगळी मशिनं आलीच आहेत तर त्यात एक ॲप घालून टाका. घरी बसलेला माणूस खुर्चीत आहे की नाही एवढंच बघायचंय. कॅमेरा अधूनमधून फोटो काढतो. कोणाला कळतसुद्धा नाही."

"म्हणजे त्यांना सांगायचं नाही?"

"सांगितलं तर उपयोग काय?"

राखणदारबायनी चष्मा काढून पदराला पुसला. "साहेब, मशीन कंपनीचं आहे, ते मी तुम्हाला कधीही उघडून दाखवीन. पण त्याच्यासमोरची खोली कंपनीची नाही. तिथे कोणी न्हातं, कोणी मुलाला पाजतं. ते मी बघणार नाही, तुम्हालाही बघू देणार नाही."

साहेब हसले. "बरं, राहिलं. एवढं मनावर घेऊ नका."

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. आम्ही एकमेकांना सोनं दिलं, गूळ-खोबरं खाल्लं आणि घरी गेलो. ज्या बाई दुपारच्या जेवणाला उठतानाही खोलीला कुलूप घालायच्या, त्यांनी त्या दिवशी दार उघडं ठेवलं. देवीपुढे समई तेवत होती. पेटत्या समईवर कुलूप घालायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. आणि देवापुढचं कोणी हाताळत नाही, हे तर त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं.

पावसाळा यायच्या थोडं आधी साहेबांनी रेषाला बोलावलं. रेषा माझ्या तालुक्यातली, हिशेब विभागात होती. तिचे सासरे अंथरुणाला खिळलेले. घरून काम करायची तेव्हा मधल्या वेळेत त्यांचं सगळं तीच करायची. साहेबांनी केबिनमध्ये बसलेल्या दोन पुरुषांसमोर आपल्या मशिनाचा पडदा तिच्याकडे फिरवला. फोटोत तिची खुर्ची रिकामी होती. खुर्चीमागे खाटेवर तिचे सासरे, अंगावर वस्त्र नसलेले, आणि ओला पंचा पिळणारी रेषा.

"कामाच्या वेळेत हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

रेषाने आपल्या टेबलावरून मशीन उचललं. ती सरळ राखणदारबायच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. "बाय, मशीन तुमच्याकडेच ठेवलेलं ना मी? देवीपुढे ठेवलेलं ना?" एवढंच म्हणाली, मशीन बायच्या टेबलावर ठेवलं आणि बॅग उचलून गेली. पुन्हा आली नाही. घरच्यांनी येऊ दिलं नाही, आणि तिलाही यायचं नव्हतं.

राखणदारबायनी रेषाचं मशीन पुढे ओढलं. झाकणावर टकटक केली. 'या' म्हणायला कोणी नव्हतं. मशिनात काय कधी घातलं याची नोंद मशिनातच असते. दिवस दसऱ्याचा निघाला, वेळ दुपारची. दुरून घातलं असतं तर बायच्या पडद्यावर दिसलं असतं, म्हणून हाताने घातलेलं. सगळी मशिनं उघडणारा पासवर्ड नियमाप्रमाणे साहेबांकडेही असायचा. वॉचमनला विचारलं तर तो चाचरत म्हणाला, "साहेब आणि बाहेरचा एक माणूस आलेले, बाय. मला वाटलं, पाया पडायला आले. दोघांनी चपला बाहेर काढलेल्या."

चपला काढून आत गेले, हे त्यांना सर्वात जास्त लागलं असावं.

दुपारी त्या कॅन्टीनमध्ये उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "घातलं साहेबांनी. पण ते माझ्या दारातून आत गेले. दार मी उघडं ठेवलं होतं." मला वाटलं, आता हे सगळे पेटून उठतील. मागच्या टेबलावरून आवाज आला, "राखणदाराने रोट खाल्लो आणि गाव विकलो!" काही जण हसले. ज्यांची चोरांपासून, चुकांपासून, स्वतःच्या आळसापासून त्या बाईने इतकी वर्षं राखण केली, ते हसले. साहेबांवर हसायची त्यांची छाती नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एकेकाला मशीन घेऊन बोलावलं. टकटक, "येऊ मगे आत?", आणि ते ॲप मुळासकट काढून टाकलं. मग पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढून प्रत्येक मशिनाच्या कॅमेऱ्यावर एक लाल टिकली चिकटवली.

गुरुदास म्हणाला, "बाय, माझ्या मशिनाचा लगीन लावलंस गो!"

"लावलंय. आता त्येका परपुरुषाक दाखवू नको."

त्यांना हसताना मी शेवटचं पाहिलं ते तेव्हा.

आठवडा संपायच्या आत त्यांना काढलं. कंपनीच्या मालमत्तेत परवानगीशिवाय फेरफार केला, अशी पोलिसांत तक्रारही गेली. ज्या खोलीला त्या कुलूप घालायच्या, तिच्याच दारात वॉचमनने त्यांच्याकडून जुडगा मागून घेतला. मी त्यांना साखळीच्या बसस्थानकापर्यंत सोडायला गेले. कंबरेला चाव्या नसल्यामुळे त्या चालताना आवाज येत नव्हता, त्याची मला सवय नव्हती. बस लागली तेव्हा म्हणाल्या, "रेषाक सांग, मी नाय गो घातलंय." मी म्हटलं, तिला ठाऊक आहे. "ठाऊक आसात. तरी सांग."

तक्रारीची चौकशी रेंगाळत राहिली. त्या दर वेळी पोलीस ठाण्यावर जाऊन बसायच्या. मी जबाब दिला, गुरुदासने दिला, आणि आम्हा दोघांच्याही नोकऱ्या गेल्या. बाकीच्यांना काही आठवत नव्हतं. पुढच्या वर्षी पोटाच्या दुखण्याने त्यांना धरलं, आणि दसऱ्याच्या तोंडावर त्या गेल्या. तक्रार तशीच उभी होती. ज्या बाईने कोणाचं झाकण विचारल्याशिवाय उघडलं नाही, ती दुसऱ्याच्या मशिनात घुसल्याचा आरोप अंगावर घेऊन गेली. हे मी विसरणार नाही आणि कोणाला विसरू देणार नाही.

रेषा त्यांच्या घरी आली होती. मी निरोप केव्हाच दिला होता, तरी ती त्यांच्या मुलीला म्हणाली, "माका ठाऊक होता." मुलीने आईचा फोन आणून दाखवला. त्यावर टिकली नव्हती. "मी विचारलेलं आईला," मुलगी म्हणाली. "तर म्हणाली, माझ्याकडे बघून त्यांना काय मिळणार? जिच्या घरात माणूस आजारी आहे, तिला दे जा टिकली."

आमच्या त्या कार्यालयात आता दसऱ्याला लॅपटॉप पुजत नाहीत. ॲप मात्र परत आलंय, असं ऐकते. आणि ते काही एकट्या आमच्याच कार्यालयात नाही.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. उद्या काम सुरू करण्याआधी तुमच्या साहेबांना विचारा, या यंत्रात काय काय घातलंय, कोणी घातलं, आणि मला न सांगता का. एकट्याने विचारायची भीती वाटत असेल तर शेजारच्या टेबलावरच्याला बरोबर घ्या. उत्तर लिहून मागा. ते येईपर्यंत त्या काचेच्या डोळ्यावर एक लाल टिकली लावा. आणि कोणी विचारलं की ही कशाला, तर सांगा, आमच्या राखणदाराची आहे.