क्वार्टरमागच्या अंगणातली माती

जरा जवळ सरका गं पोरींनो. इथे ग्रुपवर अनोळखी लोकांचे अनुभव डोळे फोडून वाचता आणि घरच्या म्हातारीला कधी विचारत नाही... मी असल्या गोष्टी मानणारी नव्हेच. चेन्नईत मैलापूरला जन्म गेला, देवळात रोज जाते, पण अंगात येणं, सावल्या दिसणं — सोडा. तरी हे माझ्याच बाबतीत झालं, आणि लख्ख उन्हात झालं.

माझी धाकटी बहीण सरू. तिचा नवरा अंबत्तूरकडे एका बॅटरीच्या कारखान्यात होता, राहायला तिथल्याच क्वार्टर्स. तिची थोरली पोर, चिन्नी, तिथेच गेली. पोट दुखायचं, मग झटके... डॉक्टरांना काही कळलं नाही. सासू मात्र म्हणाली, "पोर माती खायची, आईचं लक्ष नव्हतं." सरूने तेच मनाशी धरलं. तंजावरला गेली, ती परत चेन्नईत आली नाही.

रघू तिचा मुलगा, चिन्नीच्या नंतरचा. जमिनीच्या तपासणीचं काम करतो. तो कारखाना कधीच बंद पडलाय, आता तिथे फ्लॅट होणार, आणि त्याआधी माती तपासायचं काम नेमकं याच्याकडे आलं. म्हणाला, "मावशी, कुठे काय होतं ते पाहिलेलं माणूस लागतं. अम्माला कसं विचारू? तू यायचीस ना तिथे, तूच चल."

गेले. नुसतं गवत माजलेलं. त्याने गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला — जिथे खणून नमुने घ्यायचे तिथे लाल टिंबं. शेड, नाला, गोदाम, सगळीकडे. क्वार्टरमागचं अंगण तेवढं कोरं.

"इथे का नाही रे?"

"तिथे काय, कपडे वाळत घालायचात तुम्ही. नमुने मोजकेच घ्यायचेत. नव्या प्लॅनमध्ये तिथे मुलांचं मैदान आहे."

मी अंगणाकडे चालत गेले. शेवग्याचा खुंट तेवढा उरलाय. त्याच्याजवळ उभी राहिले आणि — कसं सांगू — तोंड मातीने भरलं. दातांखाली करकर. आणि चव गोड. थुंकले, तर नुसती थुंकी.

"काय झालं? बीपीची गोळी घेतलीस ना?"

"रघू, माती गोड असते का रे?"

तो हसला नाही. "शिसं गोड लागतं म्हणतात, मावशी," एवढंच बोलला आणि पेनाने खुंटापाशी एक टिंब काढलं.

रिपोर्ट आला. सगळ्यात जास्त शिसं तिथलंच. कारखान्यातला गाळ टाकून कुणीतरी ते अंगण सपाट केलं असणार, असं रघू म्हणतो. मैदान थांबवलंय, आधी ती माती काढणार. मला सांगताना म्हणाला, "माती तर सगळीच पोरं खातात गं मावशी."

सरूला फोन मीच केला. मातीतच विष होतं, तुझं काही चुकलं नव्हतं, म्हटलं. मग त्या चवीचं सांगितलं.

"गोड?" ती म्हणाली. "अक्का, चिन्नी म्हणायची, अम्मा, गोड लागते. त्यावरून मारलं होतं मी तिला. हे कुणालाच बोलले नाही, यांनासुद्धा नाही. तुला कुणी सांगितलं?"

कुणीच नाही गं, म्हटलं. रघू म्हणतो, शिशाचं कुठेतरी वाचलं असशील. मी वाचते ते पंचांग. मला अजून काही उलगडलेलं नाही, आणि विचारायला कुणाकडे जावं तेही कळत नाही.

सरूने फोन मात्र ठेवला नाही. "अक्का," म्हणाली, "इथे चिन्नीचं नाव काढायलासुद्धा कुणी नाही. ये ना. लवकर ये."