प्रार्थना चालू होती म्हणून

मित्रांनो, आज सकाळी चारकोपला आमच्या घरी चर्चच्या मंडळीतल्या काही कुटुंबांची प्रार्थना होती. संदेश द्यायचं काम माझ्याकडे होतं. विषय बायबलमधला अब्राहाम. भर उन्हात तीन अनोळखी माणसं दिसली आणि तो म्हातारा तंबूच्या दारातून धावत त्यांना सामोरा गेला. "आलेल्यासाठी उठणं हीसुद्धा उपासनाच," असं मी चांगलं ठासून सांगितलं.

मग सगळ्यांनी डोळे मिटले, मी शेवटची प्रार्थना सुरू केली आणि दाराची बेल वाजली. प्रार्थना मध्येच कशी मोडायची? मी आवाज चढवला. बेल पुन्हा वाजली. मी आणखी चढवला.

आमेन म्हणून दार उघडलं, तर समोरच्या सावंतकाकू वॉचमनला घेऊन जिना चढत होत्या. काका बाथरूममध्ये पडले होते आणि काकूंना एकटीने उचलवत नव्हते. आम्ही धावलो. काका शुद्धीवर होते, पण ओल्या लादीवर कुडकुडत होते.

त्यांना पलंगावर निजवल्यावर मी म्हणालो, "काकू, हाक तरी मारायचीत!"

"अरे, देवाचं चाललेलं ना तुझं. तल्लीन होतास, बेल ऐकूच आली नसेल तुला."

ऐकू आली होती. काकूंना हे मी अजून सांगितलेलं नाही. तुम्ही सांगितलं असतं?