उसने हुंदके

एकोणीसशे साठ-पासष्टच्या सुमारास बालाघाटच्या दवाखान्यात माझे वडील वारले. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून रडत होतो. शेजारी धोतर-कोटातला एक अनोळखी माणूस माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होता. त्याची बायकोही त्याच दुपारी गेली होती.

मी डोळे पुसले, तसं त्यानं मवाळ आवाजात विचारलं, "भाऊ, रडू येते तवा आधी गळा भरून येते का डोये?"

दुःखानं भ्रमला असेल, असं मला वाटलं.

"मले काहीच होऊन नाही राह्यलं," तो म्हणाला. "लहानपणापासून असंच हाय. लोकाइचं पाहून करतो. आता किरनापुरातून सासू येईन. तिच्यासमोर रडा लागन."

संध्याकाळी म्हातारी आली. तो उठला, तळहातानं कपाळ दाबलं आणि हुंदके देत तिच्या पायाशी बसला. ते माझेच हुंदके होते. माझा श्वास अडकत होता तिथंच त्याचाही अडकत होता.

म्हातारीनं त्याचं डोकं छातीशी धरलं. "माह्या पोरीवर लय जीव होता याचा," ती मला म्हणाली.

तिच्या पदराआडून त्यानं ओल्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, बरोबर जमलं का असं विचारल्यासारखं. आणि कोण जाणे का, मी होकाराची मान हलवली.