विमानाला लावलेलं कुंकू

कुंकू अगदी नेमकं लागलं होतं. विमानाच्या अंगावर, दरवाजाच्या मागे, एक छोटा लाल गोल रंगवलेला असतो. त्याच्या बरोबर मधोमध पूजेला आलेल्या महाराजांनी ओलं कुंकू अंगठ्याने दाबून लावलं होतं आणि वर अक्षताही चिकटवल्या होत्या. दुसऱ्या बाजूलाही तसाच गोल असतो. महाराजांनी तोही सोडला नव्हता. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. एवढ्या मोठ्या पांढऱ्या पत्र्यावर कोणीतरी आधीच जागा आखून ठेवली असेल, तर माणूस टिळा दुसरीकडे कशाला लावेल?

त्या गोलात बारीक भोकं असतात. त्यांना स्टॅटिक पोर्ट म्हणतात. बाहेरच्या हवेचा दाब या भोकांतून आत जातो आणि त्यावरून कॉकपिटमधला काटा विमानाची उंची दाखवतो. भोकं बुजली की आतली हवा कोंडते. मग विमान कितीही वर गेलं तरी काटा धावपट्टीचीच उंची दाखवत बसतो. उघड्या आकाशात एक वेळ निभावेल. ढगात पायलटला बाहेरचं काही दिसत नाही, तिथे सगळा भरवसा त्या काट्यावर.

आणि आमचं विमान ढगातच जायचं होतं. वऱ्हाडात त्या वर्षांत दुबार पेरणीही वाळून जात होती, म्हणून सरकारने पाऊस पाडण्याचं कंत्राट एका कंपनीला दिलं होतं. विमानाने ढगात शिरायचं, पंखांवरची क्षाराची नळकांडी पेटवायची, की पाऊस पडणार. निदान टेंडरमध्ये तरी पडत होता.

मी त्या विमानावर अप्रेंटिस होतो. विमान दुरुस्तीचा कोर्स झाला होता, पण नुसत्या कोर्सवर लायसन्स मिळत नाही. खऱ्या विमानावर काम करावं लागतं आणि लायसन्सवाल्या इंजिनिअरने त्या कामाची लॉगबुकात सही द्यावी लागते. माझं घर बाळापूरचं. अब्बांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरींनाच पाणी नाही, तर पंपाच्या मोटरी जळणार कशा? अब्बा दिवसभर पेपर वाचत बसायचे. अशात हे विमान अकोल्याच्या धावपट्टीवर आलं आणि कंपनीला स्वस्तातला स्थानिक पोरगा हवा होता. ही जागा गेली असती तर माझ्यासाठी दुसरं विमान काही बाळापूरला उतरणार नव्हतं.

त्या दिवशी बाळापूरकडे ढग भरून आले होते. माझ्या इंजिनिअर बापट मॅडम, पुण्याच्या, त्यांनी तपासणी संपवली. पोर्टवरची झाकणं मी काढली. कॅप्टन चढणार, तेवढ्यात भाऊ आले. भाऊ म्हणजे जिल्ह्यातले नेते. त्यांच्यासोबत हार, नारळ, महाराज आणि व्हिडिओवाला. भाऊ स्वतः विमानात बसून पाऊस पाडायला जाणार होते, तशी परवानगी त्यांनी मुंबईहून आणली होती. पूजेची परवानगी मागायची आपल्याकडे पद्धत नाही. नव्या ट्रॅक्टरची पूजा होते, मग विमानाने काय घोडं मारलं?

पूजा झाली. मी फुटलेल्या नारळाचे तुकडे वेचत होतो, कारण करवंटीचा तुकडा पंख्याने उडवला तर पत्रा फाडतो. वेचत वेचत मागे आलो आणि कुंकू दिसलं.

"मॅडम, पोर्ट बघा."

मॅडमनी वाकून पाहिलं. "हात लावू नकोस. घासलं तर आणखी आत जाईल."

त्या भाऊंकडे गेल्या. विमान लगेच जाणार नाही, म्हणाल्या. कुंकू पुसायचं, आतल्या नळ्या साफ करायच्या, तपासायच्या. तास-दीड तास लागेल.

"कुंकू पुसाचं?" भाऊ म्हणाले. मग त्यांची नजर माझ्या हातातल्या फडक्यावर गेली. "तुह्यं नाव काय रे?"

"शकील."

 तेवढं एक नाव सगळ्यांना पुरलं.

"हा पुसनार?" भाऊंनी माझ्याकडे न बघता मॅडमना विचारलं.

"मी पुसते."

"बाईमानसानं कुंकू पुसावं? मॅडम, तुमी पुन्याच्या असान, पन काई पाहा लागते ना."

म्हणजे मी पुसलं तर दंगल आणि मॅडमनी पुसलं तर अपशकुन. उरले भाऊंचे कार्यकर्ते. ते एकदम व्हिडिओवाल्याला मदत करायला लागले. तारेपलीकडे गावोगावचे लोक सकाळपासून उन्हात उभे होते. मला भयंकर राग आला होता आणि तेवढीच भीतीही वाटत होती. अप्रेंटिसला राग दाखवायची सोय नसते. मी फडक्याची घडी घालत राहिलो.

"ठीक आहे," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "नाही पुसत. साहेब, मागच्या सीटवर तुम्हीच बसणार ना? बसून घ्या."

विमान तसं सोडायला त्या जन्मात तयार झाल्या नसत्या, हे मला माहीत होतं. भाऊंना नव्हतं.

"पुसलं नाई तर काय होते?"

"उंचीचा काटा खोटं सांगेल. ढगात असताना जमीन किती खाली आहे ते कळणार नाही."

"मंग पायलटले कवा कळन?"

"जमीन लागल्यावर."

कॅप्टन सनग्लास पुसत म्हणाले, "सर, मैं तो नहीं जाऊंगा. आप देख लो."

भाऊंनी विमानाकडे पाहिलं, मग ढगांकडे. आवाज एकदम खाली आला. "महाराज, हे निंगते काय?"

महाराज इतका वेळ पूजेचं ताट धरून बाजूला उभे होते. "निंगते नाई तं काय? उत्तरपूजा केली का झालं. गनपती उठवतोच ना आपन? म्या लावलं, मीच काढतो."

महाराजांनी तिथेच उत्तरपूजा केली. अक्षता टाकायला हात उचलला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "चाकाजवळ टाका." त्यांनी निमूट चाकाजवळ टाकल्या. मग माझ्याकडून फडकं घेतलं आणि मॅडम सांगतील तसं, न दाबता, दोन्ही बाजूंचं कुंकू पुसलं. मॅडमनी आणि मी आतून नळ्या सोडवल्या आणि हवा आतून बाहेर मारली. लाल चिखल निघाला आणि तांदळाचा अर्धा दाणाही. नळ्या जोडल्या, दाब तपासायचा टेस्ट सेट लावला. दाब टिकला.

तोवर भाऊंना मूर्तिजापूरची मीटिंग आठवली होती. विमान त्यांच्याशिवाय वर गेलं. ढगही गेले होते, तेही भाऊंशिवाय. नळकांडी जशीच्या तशी परत आली.

दुसऱ्या दिवशी अकोल्यात एकच चर्चा. एका पोरानं विमानाचं कुंकू पुसलं, म्हणून पाऊस गेला. पोराचं नाव सगळ्यांना पाठ होतं. महाराजांचं नाव कोणी काढलं नाही. दुपारी कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला. स्पीकर चालू होता, मी समोर उभा होतो.

"मैडम, उस लड़के को वहाँ से हटाओ."

"हटाती हूँ," मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला.

 त्यांनी माझं लॉगबुक ओढलं, स्टॅटिक सिस्टिमच्या टेस्टखाली सही केली. "कंपनीचं नागपूरला हँगर आहे. सोमवारपासून तिथे जा. तिथे विमानं जास्त आहेत आणि नेते कमी. इथे राहिलास तर नारळच वेचशील."

मी थँक्यू म्हणालो. पण खरं सांगायचं तर वाईट वाटलं. न केलेल्या गोष्टीसाठी मला माझ्या जिल्ह्यातून हलवलं होतं, आणि वर मीच आभार मानत होतो.

बॅग घ्यायला घरी आलो तेव्हा दुकानात एक गिऱ्हाईक अब्बांना विचारत होतं, "काहो चाचा, तुमच्या पोरानं कुंकू पुसलं म्हन्तेत?"

"नाई पुसलं," अब्बा पेपरातून मान वर न काढता म्हणाले. "त्यानं पाह्यलं. म्हनून तुमचे भाऊ जिते हायेत. तुमाले नसन पाह्यजे तं सांगा."

नागपूरला मी विमानं उघडायला शिकलो, पुढे लायसन्स मिळालं. त्या हंगामाच्या शेवटी पाऊस पाडण्याच्या प्रयत्नांबद्दल भाऊंचा जाहीर सत्कार झाला. आम्हाला कोणी बोलावलं नाही. बोलावणार तरी कशासाठी? आमच्या धंद्यात काम नीट झालं की काहीच होत नाही. विमान वर जातं, खाली येतं, माणसं आपापल्या घरी जातात. आणि काही झालं नाही म्हणून कोणी हार आणत नाही.