कोर्टात हो, फॉर्मवर नाही

मनोरीच्या धक्क्यावरून मी पत्र्याची ट्रंक घेऊन तरीच्या बोटीत बसले, तेव्हा सोडायला फक्त बाबा आणि दोन चुलत बहिणी होत्या. आय पहाटेच मासळीची पाटी घेऊन मालाडला गेली होती. पोरगी घाटकोपरच्या हॉस्टेलला निघाली आणि आईला बाजार सुटत नाही, असं लोक बोलले. बोलोत. माझ्यासाठी तिने काय केलं होतं ते त्यांना कुठे ठाऊक होतं? आपल्या गावच्या पोरींनो, तुम्ही काहीजणी गावात राहिलात, काहीजणी माझ्यासारख्या बाहेर पडलात. तुम्हालाही ते अर्धंच माहीत आहे, म्हणून लिहिते.

बारावीच्या वर्षी सुट्टीत मी आयबरोबर मालाडच्या बाजाराबाहेर बसायचे. एक दिवस ती बर्फ आणायला गेली आणि पोलिसांची गाडी आली. मुरलेल्या बायका पाट्या उचलून पसार झाल्या. मी वेंधळी, पाटी राखत बसले. रस्त्यात अडथळा केला म्हणून मला पाटीसकट उचललं आणि दुपारी कोर्टात उभं केलं. आपली रीत तुम्हाला माहीतच आहे. साहेबाने विचारलं की कबूल म्हणायचं, दंड भरायचा, पाटी सोडवायची. खरं-खोटं करत बसलं तर मासळी कुजते. आय धावतपळत दाराशी पोचली आणि तिथूनच म्हणाली, "हो म्हन आनि घरी चल." मी हो म्हटलं. संध्याकाळच्या तरीने आम्ही घरी आलो. कोणाला त्याचं काही वाटलं नाही, मलाही नाही.

पुढच्या वर्षी घाटकोपरच्या एका हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलचा फॉर्म भरला. कोर्टात कधी गुन्हा शाबीत झाला आहे का, असा त्यात प्रश्न होता. मी बिनधास्त 'नाही' लिहिलं. देवाशपथ सांगते, लपवायचं मनातसुद्धा नव्हतं. आपल्या लेखी गुन्हा म्हणजे चोरी, मारामारी. पाटी पकडली जाणं हा काय गुन्हा झाला? पण त्यांनी पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला मागवला आणि त्यात माझी केस आली. झालं, वाट लागली.

मेट्रनबाईंनी बोलावून घेतलं. दंडाचं त्यांना काही नव्हतं. मी खोटं लिहिलं, त्याचा राग होता. चार्टवर नर्स खोटं लिहिते तेव्हा पेशंट मरतो, असं त्या म्हणाल्या. शेवटी त्यांनी सोमवारी पालकांना घेऊन यायला सांगितलं. घरी बाबा म्हणाले, जाऊ दे ती नर्सगिरी, यंदा स्थळं बघू. मी दोन दिवस जेवले नाही. मला लग्न नको होतं आणि डोक्यावर पाटीही नको होती.

तापातही बाजार न बुडवणारी माझी आय त्या सोमवारी माझ्याबरोबर आली. घाटकोपर तिने जन्मात पाहिलं नव्हतं. मेट्रनबाईंनी खुर्ची दिली तरी ती बसली नाही.

"बाय, पाटी माजी व्हती. पोर नुसती बसली व्हती. हो म्हनाला मीच सांगलं. चूक माजी हाय, हिची नाय."

मेट्रनबाई माझ्याकडे वळल्या. कोर्टात खरं का नाही बोललीस? आय म्हणाली म्हणून, असं मी सांगितलं.

"उद्या डॉक्टर म्हणाले म्हणून चुकीचं इंजेक्शन देशील?"

"नाही. आधी विचारेन."

त्यांनी कोरा फॉर्म पुढे केला. त्या प्रश्नापुढे मी 'हो' लिहिलं आणि खाली सगळी हकिगत लिहिली. मला घेतलं. परतताना मार्व्याला आम्ही तरीत बसलो. मग आय एवढंच म्हणाली, की तिने कोर्टातच आत येऊन बोलायला हवं होतं.

त्यानंतर ट्रेनिंग, नाइट ड्युट्या, हॉस्पिटलचं क्वार्टर, लग्न आणि मुलुंडचा फ्लॅट. ड्युटीवर चूक झाली की मी इन्चार्जला स्वतः जाऊन सांगायचे. दुसऱ्याची मात्र कधी अंगावर घेतली नाही. माझी मुलगी मला मम्मी म्हणते आणि सुका बोंबील भाजला की खिडक्या उघडते.

आय जाऊन बरीच वर्षं झाली. मनोरीला भावाचं घर आहे, वहिनी माया करते, चार दिवस बरे जातात. पण परक्या माणसासमोर उभी राहून 'चूक माझी, हिची नाही' म्हणणारी बाई तिथे आता नाही. मुलुंडला माझ्या मुलीसाठी ते म्हणायला मी आहे. म्हणून कोणी विचारलं की घर कुठे, तर मी मुलुंड सांगते.