भरलेला रांजण

बिदरला बदली झाली तेव्हा जो तो आम्हाला हवेचं सांगायचा. गुलबर्ग्याची भट्टी सुटली म्हणा, बिदर उंचावर आहे, ऐन उन्हाळ्यात पहाटे पांघरूण शोधावं लागतं, पोरीला मानवेल. आणि किल्ला बघा, तांबड्या दगडातल्या विहिरी बघा. मी मान डोलवायची आणि मनात म्हणायची, मेलं ते किल्ल्याचं कौतुक! तिथं आमच्या छपरावर दगड पडतील का नाही, ते सांगा आधी.

दगडांचं मला नीट माहीत होतं. त्याआधी आम्ही आळंद तालुक्यातल्या एका गावात होतो. आमचे हे तिथं मराठी शाळेवर मास्तर. मास्तर म्हटल्यावर घरमालकानं जास्त चौकशी केली नाही, टिनाची खोली दिली. पुढं सासू राहायला आली. सासऱ्यांनी आणि तिनं बौद्ध धर्म घेतला त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. धर्म घेतला त्याच दिवशी मेलेली जनावरं ओढायचं काम त्यांनी टाकलं होतं, आणि त्याबद्दल जे भोगायचं ते भोगलंही होतं. म्हातारी कुणाच्या बापाला भिणारी नव्हती. तिनं आल्या आल्या भिंतीवर निळ्या कोटातला फोटो लावला. शेजारणीनं तो दारातून बघितला. त्या आठवड्यातच टिनावर दगड यायला लागले. दगड टिनावर पडला की आधी आवाज होतो, मग तो गडगडत खाली येतो, आणि पुढचा कधी पडतोय याची वाट बघत माणूस श्वास धरून बसतं. मी लेकीला पोटाशी धरून बाजेखाली शिरायची. तिचा घोळणा फुटायचा, माझी चोळी रक्तानं भिजायची. डॉक्टर म्हणाले, उन्हामुळं होतंय, थंड मुलखात न्या. यांनी बदलीचा अर्ज केला.

सासू आपल्या गावी परतणार होती. निघायच्या आधी तिनं मला चुलीपाशी बसवून घेतलं.

"घर बघायला जायलीस, तर भिंती बघू नको, पोरी. पाणी माग."

ही रीत तिला तिच्या आईनं शिकवली होती. अनोळखी गल्लीत शिरायचं, उंबऱ्यापासून लांब उभं राहायचं आणि पाणी मागायचं. तांब्या हातात दिला तर घराचं विचार. वरून ओंजळीत ओतलं तर पी, तोंड पूस आणि पुढं चालू लाग. पाण्याआधी 'कोणापैकी' म्हणून विचारलं तर तहान भागली म्हण.

"आन् पाणी असून न्हाई म्हणलं, तर तिथं एक घडी थांबू नको. असली माणसं दगुड हाताशी ठेवून असत्यात."

हे दाढी करत होते. तिथूनच म्हणाले, "आई, काळ बदललाय आता."

"व्हय रे बाबा, काळ बदललाय. दगुड न्हाई बदलला."

हुमनाबाद सुटलं आणि एसटीच्या खिडकीतून येणारा वारा खरंच गार झाला. लेक माझ्या मांडीवर उभी राहून तोंड बाहेर काढायला बघत होती. मी तिला ओढून घेत होते. यांनी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा आणि पांढरं धोतर घातलं होतं. मी लग्नातलं हिरवं इरकल नेसले होते. चांगल्या घरची माणसं दिसावीत, कुणी हटकू नये, एवढाच त्यात हेतू.

पहिल्या गल्लीत एक बाई ओट्यावर ज्वारी निवडत होती. मी पाणी मागितलं. ती आत गेली, तांब्या घेऊन आली, आणि आमची काही विचारपूस न करता हात उंच करून उभी राहिली. माझी ओंजळ आपोआप पुढं झाली. गार पाणी कोपरावरून ओघळून चोळीत शिरलं. मी तोंड पुसलं आणि निघाले.

दुसरी गल्ली किल्ल्याच्या बाजूच्या उताराला होती. ती मला बघताक्षणी आवडली. मोजकीच घरं, ताजा चुना दिलेली, दारात रांगोळी, मधोमध लिंबाचं झाड. झाडाखालच्या घराला बाहेरून कडी होती, म्हणजे ते रिकामं. समोरच्या उंबऱ्यात एक थोराड बाई लुगड्याला टाका घालत बसली होती. तिच्या मागं ओलं फडकं गुंडाळलेला रांजण होता. इतका भरलेला, की काठावरून पाणी झिरपून खालची फरशी काळी झाली होती.

"पाणी मिळंल का, अक्का? पोरीला तहान लागलीय."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग यांच्या पांढऱ्या सदऱ्याकडं. बघता बघता तिचा चेहरा दगडासारखा झाला.

"पाणी न्हाई."

मी रांजणाकडं बघितलं. तिनंही माझ्या नजरेमागं वळून बघितलं.

"सरलंय," ती म्हणाली, आणि उठून दार लावून घेतलं. आतून अडसर घातल्याचा आवाज आला.

मी लेकीचं मनगट धरलं आणि चालायला लागले, अक्षरशः पळायला लागले. ती पाण्यासाठी रडत होती. हे मागनं म्हणत होते, "अगं हळू, असंल ती कामात."

"काम! रांजण उतू चाललाय आणि म्हणते सरलंय! आईंनी सांगितलं नव्हतं का?"

तिसऱ्या गल्लीत एका म्हाताऱ्या अव्वानं तांब्या माझ्या हातात दिला. घर लिंगायतांचं, कपाळावर विभूतीचे पट्टे, बोलणं निम्मं कानडी निम्मं मराठी. लेकीच्या हातावर तिनं गुळाचा खडा ठेवला. अंगणात स्वतःचा आड होता, मागं टिनाची एक खोली रिकामी होती. मला भरून आलं. आम्ही ती खोली घेतली.

आता वाटतं, सासूची रीत अर्धीच होती. पाणी देणारी बाई आपल्याला कोण समजून पाणी देतेय, हे त्या रीतीत कुठं होतं? अव्वा आम्हाला मराठे समजली होती. आम्ही तसं सांगितलं नव्हतं, आणि नाही म्हणूनही सांगितलं नव्हतं. निळ्या कोटातला फोटो मी ट्रंकेत लुगड्यांच्या तळाशी ठेवला. लेकीला पढवून ठेवलं, कुणी काही विचारलं तर मास्तरांची पोरगी म्हणायचं आणि आत यायचं. तिचा घोळणा फुटायचा थांबला. गाल वर आले. अव्वा शेंगाची चटणी द्यायची, मला तंगी तंगी म्हणायची, कानडीत धाकट्या बहिणीला म्हणतात तसं, आणि मी तिच्या प्रत्येक लाडाला दचकायची. जीव मुठीत धरून कुणाचं प्रेम घ्यावं लागलं तर ते अंगी लागत नाही हो.

लेकीला आजीनं वंदना शिकवली होती. आम्ही ती तिला विसरायला कशी सांगणार? एका दुपारी ती आडाच्या कट्ट्यावर बाहुलीला निजवत होती आणि अंगाई म्हणून 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणत होती. गोड आवाजात, डोलत. मी आतून धावत गेले. अव्वा तुळशीपाशी उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, पदर सारखा केला आणि घरात गेली.

दुसऱ्या दिवशी आडावर पोहरा होता, दोर नव्हता.

"अव्वा, दोर कुठाय?"

"सडलाय. नवा आणायचाय."

नवा दोर आला नाही. जुना तिच्या स्वयंपाकघराच्या दारामागं खुंटीला टांगलेला मला दिसत होता, चांगला धडधाकट. ती स्वतःसाठी तो काढायची, पाणी शेंदायची, आणि परत आत न्यायची. शिवी नाही, भांडण नाही. मला तर वाटायचं, भांड बाई, दोन शब्द बोल, म्हणजे मला कळंल तरी पुढं काय करणार आहेस. तंगी म्हणायचं तिनं बंद केलं. लेक गूळ मागायला गेली तर दार लोटून घेतलं. आणि मग एका दुपारी टिनावर खडा वाजला.

एकच. एवढासा. कावळ्याच्या चोचीतून पडला असेल, लिंबोळी असेल, पोरं आवळे पाडत असतील. हे मी आज म्हणते. त्या वेळी मी लेकीला घेऊन बाजेखाली होते. हे शाळेतून आले तेव्हाही मी तिथंच होते. यांनी वाकून बघितलं आणि खालीच बसले.

"कामून घाबरायलीस? खडा हुता," ते म्हणाले. पण त्यांनी उठून दाराला कडी घातली.

"आता कुठं जायचं? अख्खं गाव पाणी मागून बघितलं."

"जाऊ परत."

"परत कुठं? पोरीच्या नाकातून रक्त गळतंय तिथं?"

यांनी लेकीला बाजेखालून काढून कडेवर घेतलं.

पाणी तर लागणारच. मी घागर घेऊन उताराखालच्या सरकारी नळावर गेले. बायकांची रांग होती. मी रांगेत गेले नाही, भिंतीशी लांब उभी राहिले. दुधानं तोंड पोळलेलं, आता ताकही फुंकून प्यायची वेळ. सगळ्यांचं होऊ दे, मग आपण भरावं. बायका भरभरून गेल्या. शेवटची गेली तेव्हा माझ्या ध्यानात आलं, नळाच्या पलीकडं आणखी एक बाई माझ्यासारखीच लांब उभी आहे, घागर कमरेला लावून.

ती तीच होती. भरला रांजण असून पाणी नाही म्हणणारी.

नळ वाहत होता. ती पुढं येईना. मीही जाईना.

"भरा की," ती म्हणाली.

"न्हाई, आधी तुमी भरा."

"न्हाई बाई, तुमी आधी."

पाणी दगडावरून वाहून चाललं होतं. इतक्या दिवसांची भीती साठली होती, ती आता रागानं तोंडातून बाहेर पडली.

"तुमीच भरा. तुमच्या घरचं सरलंय न्हाई का!"

तिनं मान खाली घातली. आजूबाजूला कुणी नाही असं बघून घेतलं. "चुकलं माझं. पोरगी तान्हेली हुती, मला कळायलं हुतं. पर तुमाला आमचं पाणी चाललं नसतं."

"कामून चाललं नसतं?"

तिनं घागर छातीशी धरली. पळायच्या आधी माणूस आपली वस्तू धरतं तशी. ती धरायची तऱ्हा मला चांगली ओळखीची होती.

"आमी बुद्धाचे हाव," ती म्हणाली. "आमची गल्लीच तशी हाय. फोटू आतल्या घरात ठेवतो, भायेर चुना, रांगोळी. कुणाला कळू ने म्हनून. गावाकडं माझ्या भावानं असंच एका पांढऱ्या सदऱ्यातल्या वाटसरूला पाणी दिलतं. मागून त्याला कळलं, आमी कोण ते. भावाला झाडाला बांधून मारलं. तवापासून पांढरा सदरा दिसला की माझं तोंडचं पाणी पळतंय. तुमी पिऊन गेला असता आन् मागून कळलं असतं, तर आमच्या घरांचं काय केलं असतं तुमी?"

तुम्ही! मला म्हणाली ती. आमच्या घरांचं काय केलं असतं तुम्ही.

मी खाली बसले, नळाच्या ओल्या दगडावर, हिला राग येईल का कुणी बघेल का याचा विचार न करता. जन्मभर मी ज्याला त्याला भ्याले, पण मला कुणी भ्यालेलं नव्हतं. माझ्या लेकीला भ्यालं नव्हतं. या बाईनं आम्हाला बघून अडसर घातला होता. मी तिला सगळं सांगितलं. सासूचं, दगडांचं, ट्रंकेतल्या फोटोचं, दोराचं. सांगताना मी हसत होते आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. ती तोंडात पदराचा बोळा कोंबून ऐकत होती.

"आगं माय," एवढंच ती म्हणाली. "आगं माय माझे."

लिंबाखालच्या घराला कडी तशीच होती. ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना तिनं न्हाई म्हणून सांगितलं होतं. त्याच दुपारी आम्ही हातगाडीवर सामान घातलं. अव्वा दारात आली नाही. आडावर मात्र दोर बांधलेला होता, आमच्या जाण्याची वाट बघत असल्यासारखा.

नव्या घरी सामान उतरवून झालं तेव्हा घसा कोरडा पडला होता. अक्कानं रांजणात तांब्या बुडवला, लेकीच्या हातात पेला दिला. तिनं घटाघटा पिऊन दुसरा मागितला. मग अक्का माझ्यासमोर तांब्या धरून उभी राहिली. आणि मी वाकले. माझ्याही नकळत दोन्ही तळवे जोडून ओंजळ पुढं केली.

ती तशीच थांबली. यांनी दुसरीकडं तोंड फिरवलं.

"ओंजळ सोड गं," अक्का म्हणाली. "तांब्या धर."

मला ती चटकन सोडता येईना. तिनं तांब्या खाली ठेवला आणि स्वतःच्या हातांनी माझे तळवे वेगळे केले.