घरप्रार्थना आमच्याच घरी

माझ्या बाबांइतकं आजाऱ्यांना भेटायला जाणारं माणूस आमच्या चर्चच्या मंडळीत दुसरं नाही. कोहमाऱ्याला हायवेवर त्यांचं टायरचं दुकान आहे. संध्याकाळी शटर खाली ओढलं की हात साबणाने खरडून धुवायचे, पिशवीत मोसंबी घ्यायची आणि गाडीला किक मारायची. कोणाचं ऑपरेशन झालं, कोणाचा ताप उतरेना, कोणाच्या सासूचा गुडघा सुजला, सगळं त्यांना तोंडपाठ. ख्रिस्ती माणसाने आधी आपल्या घरच्यांवर प्रेम करावं, त्यांना सांभाळावं, हे ते रविवारी इतकं छान सांगत की बायका पदराने डोळे पुसत. आई मात्र घड्याळ बघत असे. तिला घरी जाऊन आत्याचं अंग पुसायचं असे.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. बाबा लहान असताना त्यांची आई गेली, तेव्हा आत्यानेच त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. पुढे ती अर्जुनी मोरगावकडे, धानाची शेती असलेल्या घरी नांदायला गेली आणि बाबा तरुणपणी ख्रिस्ती झाले. ती देवाधर्माची बाई. खूप भांडली, पण भाऊ आला की कोंबडी कापायचं काही तिने सोडलं नाही. मागच्या वर्षी अंगणात पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं. नवरा आधीच वारलेला, मूलबाळ नाही. बाबा स्वतः जाऊन तिला आमच्याकडे घेऊन आले, आणि मला वाटतं, आपलं काम तिथेच झालं असं त्यांनी धरलं.

खाट समोरच्या खोलीत टाकली. बाबा सकाळी निघताना दारातून "बरं आहे ना, बाई?" असं विचारत आणि उत्तर येईपर्यंत चपला घालून बाहेर पडलेले असत. वाईट माणूस नव्हे हो. घरची माणसं घरातच असतात, त्यांना वेगळं भेटायला कशाला जायचं, एवढाच घोळ होता. पण मला त्याची चीड यायची.

एके सकाळी ते दारात उभे राहून म्हणाले, "झोप लागली का रात्री? जेवन जाते का?"

आत्या कोपरावर रेलून उठायला लागली. "झोप लागली, बाबू. पन जेवन..."

बाबांनी हात करून तिला थांबवलं. त्यांच्या कानाला फोन होता. पलीकडे कोणी दुसरेच आजारी गृहस्थ होते.

त्याच दुपारी आत्या आईला म्हणाली, "मले गावी पोचवून द्या. पुतन्याले फोन लावा. पुढच्या शनवारी गाडी घेऊन ये म्हना."

हा पुतण्या म्हणजे तिच्या दिराचा मुलगा; तो आणि त्याची बायको दिवसभर शेतावर असत. तिकडे तिला पाणी द्यायलाही कोणी नव्हतं, हे तिला ठाऊक होतं.

"काऊन जाऊन राहिल्या, बाई?" आईने विचारलं. "माहं काही चुकलं का?"

"तुझं काय चुकते? तू आहेस म्हून तर जगली. पन परक्या घरी किती दिवस राहू?"

ज्याला कडेवर वाढवलं त्याचं घर तिला परकं वाटायला लागलं होतं. मला रडू आलं. आई रडली नाही. तिने फोन लावला, आणि मग संध्याकाळपर्यंत भांडी आपटली.

आमच्या मंडळीत दर शुक्रवारी कोणाच्या तरी घरी प्रार्थना होते. ज्याला हवी असेल तो रविवारी उपासनेनंतर हात वर करून अडचण सांगतो, आणि बाबा चार जणांना घेऊन त्याच्याकडे जातात. त्या रविवारी पाळकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "या शुक्रवारी कोणाकडे?"

आईचा हात वर गेला. "आमच्या घरी," ती उभी राहून म्हणाली. "एक बाई खाटेवर आहे. तिले भेटाले कोनी येत नाही."

बाबा खाली मान घालून बसले. घरी परतताना म्हणाले, "चारचौघांत काऊन बोलली? घरी सांगता आलं असतं."

"घरी तुमी सापडता कुठं?" आई म्हणाली.

शुक्रवारी मंडळी जमली. बाबा दुकानातून थेट आले, तर आईने त्यांनाही पाहुण्यासारखं तांब्याभर पाणी दिलं आणि खाटेजवळची खुर्ची दाखवली. त्यांच्या हातात मोसंब्यांची पिशवी होती. मी कसंबसं हसू दाबलं. बाबा बसले आणि इतरांच्या घरी जे करत असतील तेच करू लागले. फोन बंद करून खिशात टाकला आणि आत्याचा हात हातात घेतला.

आत्या हळूहळू बोलायला लागली. कोणत्या कुशीवर दुखतं, भात कसा गोड लागत नाही, दुपार किती लांब असते. बाबांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. तिचं इतकं शांतपणे ऐकून घेणारं त्या घरात आजवर कोणी नव्हतं, मीसुद्धा नाही.

प्रार्थनेआधी आजाऱ्याला विचारायचं असतं ते त्यांनी शेवटी विचारलं. "बाई, तुझ्यासाठी देवाजवळ काय मांगू?"

बाकीचे डोळे मिटून बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्याची गाडी येणार होती. आत्याचं गाठोडं बांधून खाटेखाली तयार होतं. तिने बाबांचा हात सोडला नाही.

"काही मांगू नोको, बाबू," ती म्हणाली. "तू उद्या बी येजो."

आई उठली आणि गाडी आणू नको म्हणून पुतण्याला सांगायला फोन घेऊन अंगणात गेली.